उसन्या हातांची संस्था



या शाळेतील ज्या शिक्षकांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांचा विषय नागरिकशास्त्र. तेव्हा निवडणूक आयोग हा विषय का निवडला, हे सांगत बसत नाही. आयोगाच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की आपली दृष्टी दिल्लीकडे लागते. ती आज थोडी इकडे, इंदूरकडे आणि या शाळेच्या वर्गांकडे वळवावी, एवढाच माझा हेतू आहे.

आपल्या संविधानाची बहुतेक कलमे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. काही मोजकी कलमे मात्र २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली होती आणि त्यांत आयोगाविषयीचे ३२४ वे कलम होते. म्हणूनच प्रजासत्ताकाच्या आदल्या दिवशी, २५ जानेवारी १९५० रोजी, आयोगाची स्थापना होऊ शकली. मूळ मसुद्यात सबंध देशासाठी एकच आयोग नव्हता. प्रांतांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग असावेत, अशी तरतूद होती. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत ती बदलणारी दुरुस्ती मांडली. काही प्रांतांत, तेथील बहुसंख्यांहून वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीत येऊ दिली जात नाहीत, अशा तक्रारी आल्या होत्या. तेच कारण त्यांनी सभागृहापुढे ठेवले. आपण माळव्यातील मराठी माणसे. शिंदे-होळकरांच्या मागोमाग आलेली आपली घराणी येथे रुजली. भाषेने वेगळ्या असलेल्या माणसाचे नाव यादीत यावे, या चिंतेतून आयोग केंद्रीय झाला, हे आपल्यासारख्यांनी तरी विसरू नये.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी आणि गणिताचे विद्यार्थी. मार्च १९५० मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी करण्याचे काम होते आणि त्या मतदारांतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी ठेवली गेली. मतदाराने कागदावर कोणतीही खूण न करता तो हव्या त्या पेटीत टाकायचा. पहिले मतदान हिमाचलातील चिनी येथे २५ ऑक्टोबर १९५१ रोजी झाले, कारण पुढे बर्फ पडून वाटा बंद होणार होत्या. अवघी निवडणूक फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालली.

पण मला थांबायचे आहे ते यादीपाशी. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी नोंदणी करणाऱ्यास स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशीच त्यांची नोंद झाली होती. सेन यांनी ती मान्य केली नाही. नाव सुधारून घेण्यास सांगण्यात आले आणि ज्यांचे नाव मिळाले नाही, त्यांची नोंद यादीतून वगळण्यात आली. अशा स्त्रिया मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य भारत येथील होत्या. मध्य भारत म्हणजे आपलेच राज्य. इंदूर आणि ग्वाल्हेर त्यात होते. आमच्याकडे उखाण्यात नवऱ्याचे नाव घेण्याचा केवढा सोहळा! पण घेणारीचे स्वतःचे नाव विचारण्याचा प्रघात कुठे होता? सेन यांचा निर्णय कठोर होता. त्या निवडणुकीत २८ लाख स्त्रिया मतास मुकल्या, ही हानी लहान नव्हे. तरीही, मतदार ही स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती आहे, कुणाच्या घरातील नाते नव्हे, हा आग्रह मला योग्य वाटतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत ही उणीव बव्हंशी भरून निघाली.

याद्यांचा प्रश्न तेथेच संपला, असे मात्र नाही. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची विशेष सखोल पुनर्तपासणी झाली, तेव्हा मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत, स्थलांतरित, दुबार नोंदलेले, अशी कारणे आयोगाने दिली. वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाला त्या ऑगस्टमध्ये सांगावे लागले. यादी शुद्ध असावी, याविषयी दुमत नाही. पण वगळलेल्याला आपण का वगळलो गेलो, हे मागितल्याशिवाय कळले पाहिजे. त्यासाठी न्यायालयापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हे सारे काम करते कोण? आयोगाचे आयुक्त आज तीन, दिल्लीतले सचिवालय बेताचे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे ९७ कोटी मतदार आणि साडेदहा लाख मतदान केंद्रे होती. त्यांसाठी लागणारी माणसे आयोगाच्या पदरी नाहीत. ३२४ व्या कलमातच तशी सोय आहे: आयोगाने मागावे आणि राष्ट्रपतींनी व राज्यपालांनी कर्मचारी द्यावेत. म्हणजे जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी आणि मुख्यत्वे शिक्षक. ज्या सरकारच्या भवितव्याचा निर्णय व्हायचा, त्याच्याच नोकरांकडून ती निवडणूक निष्पक्षपणे करवून घ्यायची! निवडणुकीच्या काळात ही माणसे आयोगाच्या सेवेत प्रतिनियुक्त मानली जातात, असा कायदा आहे. तरी निकालानंतर त्यांना आपल्या खात्यात परतायचे असते आणि बदलीचा कागद तेथूनच निघतो.

या अडचणीवर तिरुनेल्लै नारायण अय्यर शेषन यांनी, १९९० ते १९९६ या आपल्या कारकिर्दीत, जरबेचा उपाय केला. त्यांच्या हाती आलेले अधिकार नवे नव्हते. जेथे कायदा मुका असेल तेथे ३२४ वे कलम आयोगास अधिकार पुरवते, असे मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगितले होते. शेषन यांनी ते वापरले, एवढेच. त्यांचा स्वभाव सर्वांना रुचला नाही, आणि १९९३ साली सरकारने आणखी दोन आयुक्त नेमले तेव्हा त्यांनी न्यायालयात धाव घेतली, ती व्यर्थ गेली. माझ्या मते ते बरेच झाले. एका माणसाच्या धाकावर उभी राहिलेली संस्था तो माणूस गेल्यावर कशी उभी राहणार?

तो माणूस निवडायचा कोणी, हे १९४९ पासून लोंबकळत पडले आहे. शिब्बनलाल सक्सेना यांनी घटना समितीत मागणी केली होती, की नेमणुकीला संसदेच्या दोनतृतीयांश बहुमताची संमती असावी. त्या शंकेत तथ्य आहे, हे आंबेडकरांनीही मान्य केले होते. अयोग्य माणूस नेमला जाण्यास आपल्या मसुद्यात आडकाठी नाही, हे त्यांनी लपविले नाही. संसदेने कायदा करावा, एवढे वाक्य कलमात आले आणि तो कायदा होण्यास सत्तराहून अधिक वर्षे लागली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने नावे सुचवावीत, असे ठरविले. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री बसविला. तिघांत दोन सरकारचे झाले, तर तिसऱ्याचे मत नोंदण्यापुरतेच उरते. नेमले गेलेले आयुक्त प्रामाणिक असतीलही, पण हरलेल्या पक्षालाही ते तसे वाटावे लागतात.

या सभागृहात असे कितीतरी शिक्षक बसले आहेत, ज्यांनी मतदान केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. त्यांना ठाऊक आहे, की पहाटे प्रतिनिधींसमोर किमान पन्नास चाचणी मते टाकून यंत्र तपासायचे, ती पुसून दाखवायची आणि सायंकाळी किती मते नोंदली गेली याचा नमुना १७-ग भरून त्याची सहीची प्रत प्रत्येक उपस्थित प्रतिनिधीच्या हाती द्यायची. दिवसभराचा शीण, साहित्य जमा करण्याची घाई, बाहेर उभी असलेली बस. एखादा प्रतिनिधी म्हणतो, ‘राहू द्या मास्तर, उद्या घेऊ.’ त्याला थांबवून ती प्रत तेथेच द्यायची असते. मतमोजणीच्या दिवशी आकडा पडताळायला त्याच्यापाशी तेवढा एकच कागद असतो.