मातीचा हिशेब अजून बाकी आहे



स्वागत समितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे डिचोलीत मनःपूर्वक स्वागत करतो. बंद खाणींच्या मातीवरची ही परिषद खाणींच्याच तालुक्यात भरते आहे, याचे आम्हांला फार समाधान वाटते.

2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. यंत्रे गेली, टाकाऊ मातीचे डंप आणि पाण्याने भरलेले खंदक मात्र मागे राहिले. पावसाळ्यात डंपांवरची तांबडी माती ओहोळांतून भातशेतीत उतरते. शेतात पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो. मग काही जीवाणू श्वसनासाठी त्या मातीतली लोह आणि मँगनीजची ऑक्साइडे वापरतात. एरवी न विरघळणारे हे धातू त्यामुळे पाण्यात उतरतात आणि भाताच्या मुळांपर्यंत पोचतात. प्रमाण वाढले की पानांवर तांबूस ठिपके उमटतात, पीक खुरटते. धातू कुजून नाहीसे होत नाहीत. फक्त रूप आणि जागा बदलतात.

डंपांवर अकेशियाची झाडे लावून हिरवळ आणता येते. पण खोदकामात सुपीक थर गेला की मुळांशी नाते जोडणाऱ्या बुरशाही जातात. याच बुरशा झाडाला स्फुरद मिळवून देतात आणि पुष्कळदा धातू स्वतःत धरून त्याला वाचवतात. गोवा विद्यापीठात खाणपडीक जमिनींतल्या अशा बुरशांचा अभ्यास झाला आहे. ते ज्ञान आता बांधावर यायला हवे.

म्हणून यजमान या नात्याने आपणां शास्त्रज्ञांकडे काही मागणे आहे. डंप सावरला की नाही, हे ठरवताना झाडे मोजा, तशी मातीतली जीवसृष्टीही तपासा. धातू शोषणाऱ्या वनस्पती सुचवाल, तेव्हा कापणीनंतर त्यांची विल्हेवाट कशी लावायची तेही सांगा. तो पाला गुरांच्या गोठ्यात जाता कामा नये. आमच्या शेतांतले, विहिरींतले नमुने जरूर न्या, पण निष्कर्ष ग्रामसभेत येऊन आमच्या भाषेत समजावून सांगा.

प्रयोगासाठी जमीन हवी असेल, तर हक्काने मागा. पेरणीपासून मळणीपर्यंत आमचे शेतकरी तुमच्याबरोबर उभे राहतील. आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि परिषदेला सुयश चिंतितो.