ऑटोक्रॉससाठी चार दारांची गाडी



मोटारींची शर्यत म्हटली की एकमेकींना घासून पुढे जाणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. ऑटोक्रॉसमध्ये तसं काही नसतं. एखादं मोठं वाहनतळ किंवा रिकामी धावपट्टी घ्यायची, तिच्यावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एकेक गाडी सोडायची. कमी वेळात येईल तो पुढे. फेरी साधारण मिनिटभराची. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते आणि ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. शंकू पाडला तर २ सेकंदांचा दंड, वाट चुकली तर फेरीच बाद. ज्या खेळात नंबर सेकंदाच्या अंशांवर ठरतात तिथे २ सेकंद म्हणजे दिवस गेल्यात जमा.

आपल्याकडेही एफएमएससीआय या संघटनेच्या नियमांखाली ऑटोक्रॉस होतात. पण नेहमीच्या वापराची गाडी घेऊन सामान्य माणूस या खेळात उतरतो, तो मुख्यतः अमेरिकेत. तिथे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेनं १९७३पासून याची राष्ट्रीय स्पर्धा चालवली आहे. २००९पासून ती नेब्रास्कातल्या लिंकन गावी, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर भरते. शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांपैकी कुणाला हा नाद लागला, तर पहिला प्रश्न असतो: कोणती गाडी घेऊ?

माझं उत्तर आहे, आधी नियमांचं पुस्तक घे. ते फुकट मिळतं, गाडी मिळत नाही. त्यात प्रत्येक मॉडेलचा वर्ग ठरलेला असतो आणि गाडीत केलेला प्रत्येक बदल तुम्हाला एका वर्गातून उचलून दुसऱ्यात टाकू शकतो. स्ट्रीट नावाच्या मूळ विभागात फारच थोडी मोकळीक आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलता येतात, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा अँटी-रोल बार बदलता येतो, ब्रेक पॅड बदलता येतात. स्प्रिंगला हात लावायचा नाही. हौसेनं गाडी दोन इंच खाली बसवली की गेलात वरच्या विभागात. तिथे मुरलेली मंडळी पूर्ण तयारीनिशी तुमची वाट पाहत असतात. जुनी गाडी विकत घेताना हे विशेष पाहावं. आधीच्या मालकाचे लाड तुम्हाला भोवतात. एक्झॉस्टवर पैसे घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांची गाडी आली हे लांबून कळतं, एवढं खरं.

आता गाड्या. खरं सांगायचं तर या खेळाला दोन सीटची हलकी गाडीच बरी. पण सोमवारी तीच गाडी कामावर न्यायची असेल, मागे मुलं बसवायची असतील, तर सेडानला पर्याय नाही. सुबारू डब्ल्यूआरएक्सची चारही चाकं ओढतात, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना लवकर अ‍ॅक्सिलरेटर देता येतो. वजन मात्र दीड टनाच्या आसपास, आणि वळणात शिरताना नाक बाहेर जाऊ पाहतं. बीएमडब्ल्यूची ई३६ एम३ अमेरिकेत १९९७-९८मध्ये चार दारांत मिळत होती. २४० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं इंजिन, मागची चाकं ओढणारी, हातात समतोल वाटणारी. चालवायला माझी आवडती हीच. पण तिच्या कूलिंगमधले प्लास्टिकचे भाग आणि मागच्या शॉकचे माउंट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नवख्याला मात्र मी होंडा सिव्हिक एसआय सुचवेन. २०१७नंतरच्या सेडानमध्ये दीड लिटरचं टर्बो इंजिन आणि कंपनीनंच बसवलेला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल मिळतो. तो नसला की पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं आतलं चाक वळणातून निघताना नुसतं फिरत राहतं.

गाडी आली की पहिला खर्च टायरचा, आणि बराच काळ शेवटचाही. स्ट्रीट विभागात ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकाऊ ते सांगणारा, आकडा किमान २०० लागतो. त्या मर्यादेतले योकोहामा ए०५२सारखे टायर साध्या टायरपेक्षा इतके चिकटतात की तेवढा फरक दुसऱ्या कुठल्याच भागानं पडत नाही. ते तापले की मात्र पकड सैल होते. म्हणून एकाच गाडीवर दोघे जण आळीपाळीनं धावत असले, की फेऱ्यांच्या मध्ये बागेतल्या पंपानं टायरवर पाणी मारणारी माणसं दिसतात. हवा किती ठेवायची? टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा, फेरी करून या, रेघ कुठवर पुसली ते पाहा. खांदा फार घासला असेल तर हवा वाढवा.

मग व्हील अलाइनमेंट. वळणात गाडी कलते तेव्हा पुढचं बाहेरचं चाकही कलतं आणि टायर आपल्या कडेवर उभा राहतो. हे टाळायला चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत झुकवतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असलेल्या डब्ल्यूआरएक्ससारख्या गाड्यांना तो फार लागतो, आणि कंपनीनं दिलेल्या समायोजनाच्या हद्दीत मिळेल तेवढा घ्यावा. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला, म्हणजे त्यांची पुढची टोकं जरा बाहेर वळवली, की गाडी शंकूकडे चटकन वळते. रोजच्या वापरात टायर आतल्या बाजूनं लवकर झिजतात, ती किंमत मोजावी लागते.

अँटी-रोल बारची निवड गाडीला कोणती चाकं ओढतात यावर आहे. सिव्हिकला मागचा बार जाड केला की मागचा भाग हलका होऊन गाडी फिरते. वळणात मागचं आतलं चाक चक्क हवेत उचललेलं दिसेल, घाबरू नका. एम३ला उलट पुढचा बार जाड, म्हणजे ताकद देणारं मागचं आतलं चाक जमिनीवर टिकतं. दोन्ही ठिकाणी आधी टायर आणि अलाइनमेंट नीट लावा, नाहीतर कशानं काय बदललं ते कळणार नाही.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर महाग आहेत. ते मागवण्याआधी क्लबमधल्या एखाद्या जुन्या चालकाला तुमच्या गाडीची एक फेरी करू द्या. त्याच गाडीत, त्याच टायरवर तो तुमच्यापेक्षा तीन सेकंद लवकर आला, तर शॉकचे पैसे तूर्त बँकेत राहू द्या आणि पुढच्या फेरीला त्याच्या शेजारी बसा.