प्रत्येक मृत्यू मोजायला हवा



मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. उन्हाने दगावलेल्या माणसाच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर उष्माघात क्वचितच लिहिलेला असतो. तिथे हृदयविकार येतो, मूत्रपिंडाचा विकार येतो. म्हणून अभ्यासकांनी कारणं बाजूला ठेवून त्या महिन्यातले सगळेच मृत्यू मोजले आणि आदल्या व पुढच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. संकटाचा खरा आवाका त्यातून कळला. शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा तयार केला.

अशा जास्तीच्या मृत्यूंनाच अतिरिक्त मृत्यू म्हणतात. एरवी किती माणसं जातात हे ठाऊक असेल, तरच आकडा अचानक चढलेला लक्षात येतो. रोगाचं नाव नंतर शोधता येतं. युरोपातले अनेक देश 'युरोमोमो' या जाळ्यातून दर आठवड्याला आपापले आकडे एकत्र पाहतात, कारण साथ सीमेवर थांबत नाही.

आपल्या मीरा-भाईंदरलाही अशी सीमा आहे: दहिसर चेकनाका. २०११ च्या जनगणनेतच इथली वस्ती आठ लाखांवर होती, आणि इथले कितीतरी रुग्ण मुंबईतल्या बोरिवली-कांदिवलीच्या रुग्णालयांत जातात. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते. काशिमीऱ्याचा माणूस बोरिवलीत दगावला, तर तो मुंबईच्या आकड्यात धरला जातो. पण डास, दूषित पाणी, साचलेला चिखल यांचा शोध त्याच्या घराभोवतीच घ्यायला हवा. मृत्यूच्या अर्जात राहण्याचा पत्ता असतोच. त्या पत्त्यांनुसार मुंबई आणि मीरा-भाईंदर या दोन्ही महापालिकांनी दर आठवड्याला आकडे एकमेकींना कळवले, तर धोका वेळेत दिसेल.

यात आपलाही वाटा आहे. घरी मृत्यू झाला, मग तो उत्तनच्या कोळीवाड्यात असो वा मीरा रोडच्या इमारतीत, एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढंच त्यावर असेल, तर ती कशामुळे बंद पडली हे लिहायची विनंती करा. घर दुःखात असताना हे जड जातं, म्हणून शेजाऱ्यांनी पुढे व्हावं. आपल्या माणसाची वेळेवर झालेली नोंद शेजारच्या घरातला जीव वाचवू शकते.