शरीराची स्मरणशक्ती



गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. पहिल्या खेपेस शत्रू ओळखून प्रतिद्रव्ये तयार करावयास शरीराला आठवडा-दीड आठवडा लागतो. दुसऱ्या खेपेस स्मृतिपेशी तेच काम फार लवकर उरकतात.

मग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात हिवताप पुन्हा पुन्हा का येतो? फॅल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशींवर उमटणारी आपली खूण वारंवार पालटतो. असल्या बहुरूप्याला ओळखावे तरी किती वेळा? तरीही अनेक खेपांनंतर शरीर थोडे शहाणे होते. म्हणून भामरागडकडील एखाद्या प्रौढाच्या रक्तात जंतू असूनही ताप नसतो. लहान मूल किंवा बाहेरून आलेला शिक्षक मात्र गंभीर आजारी पडू शकतो.

पण ही विद्या सरावाची आहे. गावचा मुलगा काही वर्षे पुण्यास राहिला की ती ओसरते. सुटीत घरी येऊन ताप भरला, तर ‘आम्हांला सवय आहे’ म्हणून तो अंगावर काढू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आणि ताप नसलेल्यानेही मच्छरदाणीतच निजावे, कारण त्याच्या रक्तातला जंतू डासावाटे शेजारच्या पाळण्यापर्यंत पोहोचतो.