शेवटच्या कडव्यातलं नाव



मला अध्यक्ष का केलं, असं मी आयोजकांना विचारलं होतं. ‘तुम्ही जुन्या रेकॉर्डी जपल्यात म्हणून,’ असं उत्तर मिळालं. खरं आहे. मी गायक नाही, शाहीर नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. मी माईकवाल्याचा पोरगा. वडील लग्नाला, जत्रेला कर्णे भाड्यानं द्यायचे. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक बॅटरी, पिनांची डबी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी एवढा संसार बैलगाडीत चढायचा. लिंबाच्या झाडावर चढून कर्णा बांधायचं काम माझं.

वडिलांना वाचता येत नव्हतं. रेकॉर्ड ते डागावरून ओळखायचे. ‘तेल सांडलेली आण’, ‘कडेला टवका उडालेली आण’. मी शाळेत जायला लागलो तशी लेबलं वाचून दाखवायची कामगिरी माझ्याकडं आली. भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, खाली गाणारीचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव, आणि कवीच्या जागी पुष्कळदा एकच शब्द असायचा : पारंपरिक. दहाबारा रेकॉर्डींवर तो ऐकल्यावर वडील म्हणाले, ‘हा पारंपरिक कोण गडी रे? लई गाणी केली यानं.’

आज त्या गड्याविषयी बोलायचंय.

आपण संगमनेरात जमलो आहोत. हे अनंत फंदीचं गाव. 1744 ते 1819 हा त्याचा काळ, आडनाव घोलप. आणि ‘फंदी’ हे नाव मलिक फंदी नावाच्या फकिराच्या दोस्तीतून आलं, असं सांगतात. आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचं नाव मिळालं त्या चौंडीच्या लेकीनं, अहिल्याबाईंनी, त्याला तमाशाच्या नादावरून समज दिली आणि तो कीर्तनाकडं वळला, ही गोष्ट तर इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. गोष्टीत खरं किती, हा वाद विद्वानांनी घालावा. मला फंदीकडून घ्यायचंय ते वेगळंच. तो आणि त्याच्या पिढीचे सगळे शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे. आपण त्याला मुद्रा म्हणतो. छापखाना नाही, कायदा नाही, कंपनी नाही अशा दिवसांत या माणसांनी आपलं नाव गाण्याच्या अंगातच टाका घालून शिवून टाकलं. गाणं चोरायचं तर नावासकट चोरावं लागे. नाव उसवलं की यमक मोडायचं, कडवं लंगडायचं, आणि फडातला झीलकरीसुद्धा हसायचा.

याहून जुना दाखला हवा तर नेवाशाला चला. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला, तिथं ज्ञानेश्वरी पुरी झाली. शेवटी काय नोंदलंय ते आठवा : गोदावरीचा दक्षिण तीर, राज्यावर रामदेवराय यादव, साल, सांगणाऱ्याचं नाव, आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही नाव. रेकॉर्डीच्या लेबलावर याहून जास्त काय पाहिजे? स्थळ, काळ, कर्ता, लेखनिक. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात हे लेबल तयार झालं. कंपन्यांना ते वाचायला सवड झाली नाही, एवढंच.

आता मुद्रेचीही एक खोट सांगतो, नाहीतर जुनं ते सोनं म्हणणारा म्हातारा ठरेन. मुद्रा असते कवीची. हिवरगाव पावसा इथून फार लांब नाही. तिथली पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली आणि कनाती अपुऱ्या पडायला लागल्या. बोर्डावर आलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे आपले पठ्ठे बापूराव, कुलकर्णीपण आणि जात बाजूला ठेवून तिच्याबरोबर फडात उतरले. लावणीच्या शेवटी बापूरावांची सही आहे. गळा, पाय, अदा पवळेची. तिची सही कुठं करायची? ढोलकीवाल्यानं कुठं करायची? फडानं त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला. कलावंताला गावाचंच आडनाव देऊन टाकलं. हिवरगावकर, नारायणगावकर, सातारकर. इथंच संगमनेरात राहिलेल्या आणि 2021 मध्ये आपल्यातून गेलेल्या कांताबाई सातारकर बोर्डावर शिवाजी महाराज उभे करायच्या, तेव्हा मागच्या रांगेतल्या माणसालाही बाई कोण आणि कुठल्या, हे आडनावातूनच कळायचं. लोकांनी लावलेलं लेबल ते.

मग तबकडी आली. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजाननं ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी दिली. त्या काळातल्या तिच्या तबकड्या ऐकल्या असतील तर शेवट आठवा. गाणं संपतं आणि बाई ठसक्यात, इंग्रजीत, आपलं नाव सांगतात. ध्वनिमुद्रण व्हायचं कलकत्त्याला आणि तबकडी निघायची जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला लेबल कुठलं चिकटवायचं ते कळावं म्हणून ही सोय. कारखान्याची सोय होती खरी, पण मला त्यात शाहिराची मुद्राच ऐकू येते. फरक एवढाच की बाईंनी ती कडव्याबाहेर, मोकळ्यावर टाकली.

पण तबकडीच्या एका बाजूवर मावायची तीन-साडेतीन मिनिटं. आपल्याकडं वग रात्रभर चालतो. गण, गौळण, बतावणी होईपर्यंत मध्यरात्र, आणि गोंधळ तर तांबडं फुटल्यावर उठतो. पाच कडव्यांची लावणी तीन मिनिटांत कशी बसवायची? पहिलं कडवं काढता येत नाही, लोक त्यावरून गाणं ओळखतात. मधलं काढलं तर कथा तुटते. कात्री चालते ती शेवटावर. आणि शेवटीच तर नाव होतं! माझ्या पेटीतल्या किती तबकड्या मी या कानानं ऐकल्या. गाणं रंगात येतं, मुद्रेचं कडवं आता येणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि सुई खरखरायला लागते. शिवलेलं नाव उसवलं ते असं, कुणाच्या दुष्टाव्यानं नव्हे, तर लाखेच्या चकतीच्या मापानं. मग लेबलावरची रिकामी जागा भरायला पारंपरिक नावाचा गडी आला.

कॅसेट आली तेव्हा वाटलं, आता प्रश्न मिटला. एका बाजूला तीस मिनिटं! गरिबाघरचं यंत्र, गावात दोन-चार घरी तरी वाजायचंच. आषाढीला प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाशिवाय चहाची टपरी उघडत नसे, आणि तो आवाज लोकांपर्यंत पोचवला कॅसेटनंच, हे कबूल केलं पाहिजे. मी कॅसेटचा वैरी नाही. वडिलांच्या कर्ण्यांवर माझं शिक्षण झालं, मी यंत्राला नावं ठेवू कशी?

पण त्याच दिवसांत आमच्या गावच्या एका गोंधळ्याला एका कंपनीचा माणूस शहरात घेऊन गेला. संबळ वाजवणारा भाऊ बरोबर. एक दिवसाचं गाणं, जाण्यायेण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि हातात थोडे पैसे. कॅसेट बाजारात आली. वर देवीचा फोटो, खाली शहरातल्या संगीतकाराचं नाव, आणि गीत : पारंपरिक. गोंधळी ‘व इतर’मध्ये होता. मी ती त्याला दाखवली. तो म्हणाला, ‘मास्तर, देवीचं गाणं हाय, माझं कुठं हाय?’ या वाक्यातला मोठेपणा मला कळतो. पण ज्यानं कॅसेटी विकल्या तो असं म्हणाला नव्हता, हेही कळतं.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी 1927 च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस कंपनीचं यंत्र घेऊन उतरला. दहाबारा दिवसांत 19 जणांनी-जथ्यांनी 76 गाणी दिली. तिथल्या कंट्री संगीताची गंगोत्री म्हणून लोक आजही त्या गावाकडं बोट दाखवतात. त्यात डोंगराळ भागातलं कार्टर कुटुंब होतं. कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांकडून गाणी गोळा करू लागले. बरोबर लेस्ली रिडल नावाचा एक काळा गिटारवादक असे, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात पाय गमावलेला. कार्टर शब्द टिपून घ्यायचे, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. घरी येऊन तो ती वाजवून दाखवी, कुटुंब बसवून घेई. लेबलावर नाव आलं कार्टरांचं. ना गाणं देणाऱ्या म्हातारीचं, ना चाल सांभाळणाऱ्या रिडलचं. म्हणजे आपल्याकडं सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाव नाही, आणि तिकडं सगळ्यांचं म्हणून एकाचंच. दोन्हीकडं ओसरीवर बसून गाणारं माणूस बाहेर.

आणि हे कंट्री संगीत आपल्या नगरला येऊन गेलंय बरं का! (जिभेला अजून ‘नगर’च येतं, सांभाळून घ्या.) पिंपळगाव माळवीजवळ मेहेराझादला राहणारे मेहेरबाबा. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरलं ते 1969 ला देह ठेवीपर्यंत. या न बोलणाऱ्या माणसाला जिम रीव्ह्जनं गायलेलं एक गाणं फार आवडायचं, ‘देअर्स अ हार्टेक फॉलोइंग मी’. रीव्ह्ज टेक्सासचा, मऊ गळ्याचा. गाणं 1964 चं. बाबांना आवडलं एवढ्याच कारणानं त्यांचा इंग्लंडातला भक्त, द हू या रॉक वाद्यवृंदातला पीट टाउनशेंड, यानं ते 1972 च्या आपल्या ‘हू केम फर्स्ट’ या अल्बममध्ये घेतलं. अमेरिकेतलं गाणं नगरच्या माळावरून लंडनला गेलं म्हणायचं! आणि एवढा प्रवास करूनही ते लिहिणाऱ्या रे बेकरचं नाव गाण्याबरोबर राहिलं. आमचं मढीच्या जत्रेतलं, कानिफनाथाच्या गडाखाली गायलेलं गाणं पाथर्डीहून पुण्याला पोचेपर्यंत गाणाऱ्याचं नाव वाटेत सांडून येतं.

कायदा काय म्हणतो ते दोन वाक्यांत सांगतो, कारण इथं बसलेल्या पुष्कळांना ते कुणी सांगितलेलं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात परंपरेनं आलेल्या, कर्ता माहीत नसलेल्या गाण्याला धनी नाही. पण 1994 च्या दुरुस्तीनं गाणाऱ्याला त्याच्या गायनावर हक्क दिला, आणि 2012 च्या दुरुस्तीनं व्यापारी वापरातल्या स्वामित्वधनात त्याचा वाटा धरला. म्हणजे देवीचं गाणं देवीचं असेना का, त्या दिवशी त्या खोलीत ते ज्या गळ्यातून आलं तो गळा गोंधळ्याचा होता. कागदावर अंगठा देण्याआधी एवढं वाक्य ध्यानात ठेवा.

नाव नीट लिहायचं कसं, याचा एक नमुना आपल्या भाषेत झालेला आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या. बर्नार बेल यांनी त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. ओवीपेक्षा जास्त ‘पारंपरिक’ दुसरं काय असणार? गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी कुणाची हे सांगायला आजी उरली नाही. तरी या मंडळींनी प्रत्येक ओवीपुढं ती सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव मांडून ठेवलं. बाईनं ती आईकडून घेतली असेल, आईनं जावेकडून; पण पहाटे दळताना कुठला शब्द फिरवायचा, भावाचं नाव कुठं घालायचं, हे तिनंच ठरवलं होतं. तेवढं तिचं.

आता हातात हात घालून यंत्र आणि गाणं सगळीकडं फिरतंय. मढीच्या यात्रेत गेल्या खेपेला पाहिलं, डवरी गोसाव्याभोवती दहा पोरं मोबाईल धरून उभी. चांगलंय. पण एकानंही विचारलं नाही, ‘बाबा, तुमचं नाव काय, ही चाल कुणाकडून घेतली?’ लाखेच्या चकतीला जागा नव्हती; मोबाईलला कुठं जागेची अडचण आहे?

माझं भाषण इथं थांबवतो, कारण दुपारच्या सत्राची मंडळी खोळंबली आहेत. त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित होणार आहे. माईकवर बसलेला पोरगा हुशार आहे, त्याला सकाळीच सांगून ठेवलंय : गाणं संपल्यावर लगेच मशीन बंद करायचं नाही. गाणारीनं स्वतःचं नाव, गाव आणि गाणं जिच्याकडून घेतलं तिचं नाव सांगायचं, ढोलकीवाल्यानं त्याचं सांगायचं, आणि मगच बटण दाबायचं. लाजणाऱ्या असतील त्यांना शेजारणीनं कोपरानं ढोसावं. पहिला नंबर हिवरगाव पावशाहून आलेल्या मावशींचा. या मावशी, पुढं या. माईक जरा खाली घे रे.