कवडी, नाणे आणि संगणकावरचा खेळ
(रायपूर येथील पुरानी बस्तीत मराठी वाचकांसमोर दिलेले व्याख्यान)



संगणकावरचे खेळ आणि त्या खेळांत मिळणारे नाणे हा ग्रंथप्रेमींच्या सभेत बोलण्याचा विषय आहे काय, अशी शंका काही ज्येष्ठांच्या मनात आली असेल. ती स्वाभाविक आहे. परंतु आज आपल्या घरांतील मुले या नाण्यासाठी वेळ देत आहेत, पुष्कळदा आईवडिलांचा पैसाही देत आहेत. आणि काही तरुण तर हीच पुढे आपली उपजीविका होईल, अशा आशेवर आहेत. ज्या गोष्टीत वेळ, पैसा आणि आशा ही तिन्ही गुंतली आहेत, तिचा विचार उपहासाने किंवा भीतीने न करता स्वच्छ बुद्धीने करावयास हवा.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा विचार शब्दापासून सुरू करणे मला सोयीचे वाटते. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणणारे माधवराव सप्रे १९२६ साली याच रायपुरात निवर्तले. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेच्या कोशासाठी अर्थशास्त्रातील पारिभाषिक शब्दांचे कामही त्यांनी केले होते. शब्द नेमका असला म्हणजे निम्मा प्रश्न उलगडतो, हे अशी माणसे जाणत होती. आपल्या भाषेत ‘नाणे’ आणि ‘चलन’ असे दोन शब्द आहेत. नाणे ही वस्तू आहे. चलन हा तिचा गुण आहे. जे चालते ते चलन. वस्तू तीच राहते आणि तिचे चालणे मात्र थांबते, असे होऊ शकते. खेळातल्या कमाईचे सारे मर्म या भेदात आहे.

त्याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल ओडिशावर १७५१ पासून १८०३ पर्यंत होता आणि छत्तीसगढ १८५४ पर्यंत त्यांच्या राज्याचा भाग होता. या मुलखांत लहान व्यवहार कवड्यांनी होत. मालदीव बेटांवरून जहाजांनी येणारी ही कवडी सारीपाटावर फाशासारखी टाकली जाई आणि बाजारात मालाच्या मोबदल्यात मोजूनही दिली जाई. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण आणि सोळा पणांचा एक काहण, म्हणजे १,२८० कवड्या, असा ओडिशात हिशेब होता. १८०३ साली ओडिशा इंग्रजांच्या कंपनीकडे गेला आणि पुढे सरकारी सारा रुप्याच्या नाण्यात भरण्याची सक्ती झाली. रुपयाला चार काहण हा जुना भाव कोसळला. कवडी तीच, तिची चकाकी तीच. पण सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कवड्या मोजाव्या लागू लागल्या. १८१७ च्या खुर्द्याच्या पाईक उठावामागील कारणांत हे एक कारण इतिहासकार सांगतात. कवडीमोल हा शब्द आपण सहज वापरतो. त्यामागे खरोखरीची माणसे नागवली गेली आहेत.

तेव्हा खेळातले नाणे आभासी आहे म्हणून ते खोटे, हा आक्षेप टिकत नाही. समुद्रातला शिंपला जर सारा भरण्यास चालू शकतो, तर पडद्यावरचा आकडाही चालू शकेल. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या खेळातील देवघेवीचा अभ्यास एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली प्रसिद्ध केला. त्या काल्पनिक देशाचे दरडोई उत्पन्न त्याने रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यानचे ठरविले होते. पुढे २००४ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ आला, आणि चीनमध्ये पाळ्या लावून खेळातले सोने गोळा करण्याचे कारखानेच उभे राहिले. मजूर तरुण, यंत्र मालकाचे आणि सोने विकत घेणारे खेळाडू श्रीमंत देशांतले, अशी त्याची रचना होती. २००९ साली चीन सरकारने खेळातील नाण्याने खऱ्या वस्तू घेण्यावर निर्बंध घातले.

या नाण्याची टांकसाळ कशी चालते, ते समजून घेतले पाहिजे. खेळाडूने एक राक्षस मारला की काही मोहरा शून्यातून निर्माण होतात. जितके लोक जितका अधिक वेळ खेळतील, तितक्या मोहरा वाढतात आणि प्रत्येकीची किंमत उतरते. म्हणून कंपनी तलवारीची दुरुस्ती, बाजाराचा कर, प्रवासाचे भाडे अशा मार्गांनी त्या परत काढून घेते. हा तोल सांभाळणे सर्वस्वी कंपनीच्या हाती असते. त्यातच माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या आज्ञावली शिरल्या, की तासाची मजुरी आणखी घसरते. जितके अधिक लोक या कमाईसाठी येतील, तितकी ती प्रत्येकाची कमी होत जाईल; हे त्या व्यवहाराचे अंगच आहे.

दुसरी गोष्ट दरवाजांची. खरे पैसे देऊन खेळातले नाणे घेण्याचा आत येणारा दरवाजा बहुतेक कंपन्या सताड उघडा ठेवतात. ते नाणे विकून पैसे बाहेर नेण्याचा दरवाजा बहुतेक ठिकाणी बंद असतो. स्टीम या विक्रीकेंद्रावर वस्तू विकून जमा झालेली रक्कम तेथेच खर्च करावी लागते, ती बँकेत काढता येत नाही. मागील दाराने कोणी सौदा केला आणि तो उघडकीस आला, तर खातेच बंद होऊ शकते. वर्षाची मेहनत त्याबरोबर जाते.

जेथे बाहेरचा दरवाजा उघडा होता, तेथे काय झाले? ॲक्सी इन्फिनिटी या खेळात जिंकलेले नाणे विकता येत असे. महासाथीच्या काळात फिलिपिन्समधील अनेक कुटुंबांनी त्यावर घर चालविले. प्रारंभीच काही काल्पनिक प्राणी विकत घ्यावे लागत. कित्येकांनी ते दुसऱ्याकडून अर्धेलीने घेतले. जुलै २०२१ मध्ये ३५ सेंटच्या आसपास गेलेले ते नाणे २०२२ च्या मध्यापर्यंत एका सेंटच्याही खाली आले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या खेळाच्या तिजोरीतून ६० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची चोरी झाली.

याहून अलीकडचे उदाहरण काउंटर-स्ट्राइकचे. त्यातील बंदुकांची रंगीत आवरणे आणि शोभेचे सुरे यांचा मोठा बाजार आहे. काही सुऱ्यांना हजारो डॉलर पडत. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने एक नियम बदलला. ठरावीक पाच वस्तू देऊन सुरा मिळविणे शक्य झाले, आणि काही दिवसांतच या बाजाराचे मोल अब्जाहून अधिक डॉलरांनी उतरल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. चोरी झाली नाही, कायदा मोडला नाही. टांकसाळीच्या मालकाने आपला नियम बदलला, इतकेच. १८०३ नंतरच्या कवडीची ही सख्खी बहीण होय.

येथे कोणी म्हणेल की सरकारही नोटा बाद करते. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आपल्या स्मरणात आहे. त्या निर्णयाने लोकांचे हाल झाले, हे खरे; परंतु नोटा बँकेत भरण्यास मुदत होती, संसदेत जाब विचारता आला, सर्वोच्च न्यायालयात दाद मागता आली. खेळाच्या मालकाला जाब विचारणारी संसद नाही. खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटींत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की हे नाणे खेळाडूच्या मालकीचे नाही, ते वापरण्याची केवळ परवानगी आहे.

आता भांडवलाचा हिशेब. एके काळी सायबर कॅफेत तासाचे भाडे देऊन मुले काउंटर-स्ट्राइक खेळत. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे खेळ मोबाइलवर गेला आणि खेळण्याजोगा संगणक ही हौसेची, खर्चाची बाब उरली. ग्राफिक कार्ड महाग होतेच. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळे संगणकाच्या स्मृतीचे भावही भडकले. टुरी हटरीच्या बाजारात दुकान मांडणारा मनुष्य भाडे, माल आणि स्वतःचा दिवस धरून नफा काढतो. तोच हिशेब येथे मांडावा: यंत्राची किंमत, वीज, इंटरनेट, आणि अभ्यासाचे वा झोपेचे गेलेले तास. मग किती उरते ते पाहावे.

खेळातली कमाई आणि जुगार यांतील सीमा पुसट आहे, हे छत्तीसगढला निराळे सांगावयास नको. भिलाईशी निगडित महादेव नावाच्या सट्ट्याच्या ॲपचे प्रकरण २०२३ साली देशभर गाजले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला केंद्र सरकारने त्यासह २२ ॲपे व संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ चालविणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन अशा वस्तूही पणाच्या व्याख्येत घेतल्या आहेत. कौशल्याच्या स्पर्धात्मक ई-खेळांना मात्र मान्यता दिली आहे.

याचा अर्थ संगणकावरच्या खेळातून प्रामाणिक उपजीविका होतच नाही, असा नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने भारतीय पुराणकथांच्या आधारे ‘राजी’ हा खेळ रचला आणि २०२० साली तो जगभर प्रसिद्ध झाला. चित्र, संगीत, कथा, आज्ञावली, भाषांतर ही सारी कामे त्या क्षेत्रात आहेत. त्या कामांचा मोबदला रुपयांत मिळतो आणि शिकलेली विद्या खाते बंद झाल्याने नाहीशी होत नाही.

मुलाने खेळात काही कमावल्याचे सांगितले, तर त्याला रागावण्याआधी त्याच्याजवळ बसून चार गोष्टी विचाराव्यात. हे नाणे पाडतो कोण? ते बाहेर नेण्याचा दरवाजा आहे काय, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे? उद्या नियम बदलला तर दाद कोठे मागायची? आणि हे मिळविण्यास तुझे किती तास गेले? उत्तरे त्याला बहुधा आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतील. ती त्याने स्वतःच्या तोंडाने मांडली, म्हणजे पुढचा निर्णय त्याला आणि आपल्याला एकत्र घेता येईल.