मणका मोडल्यावर

मणका मोडून पाय लुळे पडलेल्या माणसाचं ऑपरेशन करायचं की त्याला खाटेवरच ठेवायचं, यावर इंग्लंडमधल्या दोन नामवंत डॉक्टरांचं कधी जमलं नाही.

एक लुडविग गुटमान. जर्मनीतले हे ज्यू न्यूरोसर्जन नाझींच्या जाचातून १९३९मध्ये इंग्लंडला आले. १९४४मध्ये स्टोक मँडव्हिलचा वॉर्ड त्यांच्या हाती आला. स्वतः सर्जन असून त्यांनी सुरी बाजूला ठेवली! पूर्वी मज्जारज्जू मोकळा करायला मणक्याची मागची कमान कापून काढत; त्यानं पाठ आणखी खिळखिळी होई. गुटमान उशा रचून मणका जागेवर ठेवत आणि दर दोन तासांनी, अगदी रात्रीही, रुग्णाची कूस बदलायला लावत. कारण हे रुग्ण दगावत ते पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळून, नाहीतर लघवीचा संसर्ग होऊन.

दुसरे शेफील्डचे फ्रँक होल्ड्सवर्थ. तो कोळसा खाणींचा मुलूख. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर छत कोसळलं, की मणका नुसता चेपत नाही, पिळवटून निसटतो. असा मणका उशांच्या भरवशावर कसा सोडायचा? होल्ड्सवर्थ मणक्यांच्या मागच्या हाडाच्या काट्यांना धातूच्या पट्ट्या आवळत. पण ते हाड नाजूक. पट्ट्यांची पकड सुटायची.

पक्की पकड मिळाली ती पॅरिसमध्ये. १९६३पासून रेमाँ रॉय-कामीय यांनी मागून घातलेला स्क्रू थेट मणक्याच्या गाभ्यात नेला. आजही मोडक्या मणक्याच्या वर-खाली असेच स्क्रू बसवून सळ्यांनी जोडतात आणि मज्जारज्जूवर दाबणारा हाडाचा तुकडा दूर करतात.

तुटलेला मज्जारज्जू त्यानं सांधला जात नाही. म्हणून तो पुरता निकामी झाला आहे का, हे पाहायला डॉक्टर आधी गुदद्वाराजवळची संवेदना तपासतात. तिथं थोडी जरी जाणीव असली, तरी सुधारणेची आशा बरीच वाढते. मग वेळ महत्त्वाची. मानेला इजा झालेल्या ३१३ रुग्णांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के रुग्ण सहा महिन्यांत लुळेपणा मोजायच्या पट्टीवर किमान दोन पायऱ्या सुधारले. उशिरा झालेल्यांत ९ टक्के. अर्थात हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते.

पाय कायमचे गेले असले, तरी ऑपरेशन वाया जात नाही. गुटमान यांचे रुग्ण दोन-तीन महिने पडून असत. आता पाठ पक्की झाल्यावर काही दिवसांतच चाकाच्या खुर्चीत बसवता येतं. कूस बदलणं मात्र स्क्रू बसवल्यावरही चुकत नाही.